प्रस्तावना : अवघडपणा कोणाच्या वाट्याला?

संगणक प्रकल्प सोपा असावा, नियमांत बसणारा असावा आणि त्यात थोडी कल्पकताही असावी, याला कोणाचाच नकार नसतो. पहिल्या बैठकीत हे तिन्ही शब्द एकाच स्लाइडवर सुखाने नांदतात. काम सुरू झालं की ओढाताण सुरू होते. खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला अर्जात चार रकाने हवे असतात, लेखापरीक्षकाला चाळीस. डेव्हलपरला त्या चाळिसांतले बरेचसे आपोआप भरण्याची युक्ती सुचलेली असते, पण ती टेंडरमध्ये कुठेच लिहिलेली नसल्यामुळे तिला मंजुरी कोणी द्यायची हे ठरत नाही. मग यूएटीची, म्हणजे वापरकर्त्यांकडून होणाऱ्या चाचणीची, तारीख जवळ येते आणि चाळीस रकाने तसेच गो-लाइव्ह होतात. हे पुस्तक या ओढाताणीबद्दल आहे.

ते ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या अनुभवावर उभं आहे, यालाही कारण आहे. या पट्ट्यात हा विषय दोन्ही बाजूंनी जगला जातो. वागळे इस्टेट, घोडबंदर रोड, ऐरोली इथल्या आयटी कंपन्यांमध्ये बँकांची, विमा कंपन्यांची आणि परदेशी सरकारांची सॉफ्टवेअर लिहिणारी, तपासणारी, सांभाळणारी माणसं मोठ्या संख्येने इथेच राहतात. 2004 मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यावर डोंबिवलीहून ठाण्याला येऊन गाडी बदलून ऐरोलीला जाणं हा अनेक घरांचा दिनक्रम झाला. दिवसभर ‘चेंज रिक्वेस्ट’ मंजूर करणारा हाच माणूस शनिवारी प्रभाग कार्यालयात मालमत्ता कराच्या बिलावरचं नाव बदलून घ्यायला उभा असतो. कॉम्प्युटरच्या दोन्ही बाजूंना बसणारी इतकी माणसं जिथे आहेत, तिथे हा विषय नीट बोलला जायला हवा.

माझं म्हणणं एका वाक्यात असं : प्रत्येक कामात काही अवघडपणा मुळातच असतो, तो नाहीसा होत नाही, तो कोणाच्या तरी अंगावर जातो. हा विचार माझा नाही. झेरॉक्स पार्क आणि पुढे ॲपलमध्ये काम केलेले संगणकशास्त्रज्ञ लॅरी टेस्लर यांनी 1980च्या दशकात तो मांडला. कट, कॉपी, पेस्ट रोज वापरणाऱ्या प्रत्येकावर या टेस्लरांचं ऋण आहे. 2020 मध्ये ते वारले. त्यांचा आग्रह असा होता की, इंजिनिअरने एक आठवडा जास्त खपून लाखो वापरणाऱ्यांचा एकेक मिनिट वाचत असेल, तर इंजिनिअरने खपावं. मी त्यात एवढीच भर घालतो की हा अवघडपणा कोणी उचलायचा हे ठरवणं, उघडपणे ठरवणं आणि त्या निर्णयाखाली सही करणं म्हणजे कारभार. आणि तो सर्वांत कमी त्रासात उचलला जाईल अशी जागा शोधून काढणं म्हणजे कल्पकता. सोपेपणा हे या दोन्हींचं फळ आहे. तो नुसता मागून मिळत नाही.

याचं महाराष्ट्रातलं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण घरातलंच आहे. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका 1 ऑक्टोबर 1983 रोजी अस्तित्वात आली. त्यानंतर दोन दशकांच्या आतच, म्हणजे देशात ‘ई-गव्हर्नन्स’ हा शब्द अजून नवा असताना, या पालिकेने आपला कारभार संगणकावर आणायला घेतला. मुंबईच्या एबीएम नॉलेजवेअर या कंपनीने सॉफ्टवेअरचं काम केलं. मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू नोंदणी, परवाने, लेखा असे विभाग एका प्रणालीत जोडले गेले आणि नागरी सुविधा केंद्रं उघडली. पुढे राज्य सरकारने हाच नमुना राज्यातल्या इतर नागरी स्थानिक संस्थांमध्ये न्यायचं ठरवलं.

सुविधा केंद्रातला संगणक सगळ्यांना दिसला. खरं काम झालं ते त्याच्या मागच्या बाजूला. त्याआधी नळजोडणीचा अर्ज कसा चालायचा ते आठवून पाहा. अर्ज आवक बारनिशीत नोंदवायचा, पाणीपुरवठा विभागात द्यायचा, तिथून कळायचं की मालमत्ता कराची थकबाकी नसल्याचा दाखला जोडलेला नाही. मग कर विभागात जायचं, तिथे संबंधित लिपिक रजेवर असायचा. दाखला हाती आला की परत पाणी विभाग, टिपणी, शेरा, वरिष्ठांची सही. कर विभाग पालिकेचा, पाणी विभागही पालिकेचा, दोघांमध्ये एखादा जिना, आणि त्या जिन्यावरून कागद नेणारा पोस्टमन मात्र नागरिक. दोन विभागांनी एकमेकांशी बोलण्याचं काम आपण अर्जदारावर टाकलेलं आहे, हे वर्षानुवर्षं कोणाला वावगंही वाटत नव्हतं. एक खिडकी आली तेव्हा अर्ज तिथे द्यायचा, पावती आणि टोकन घ्यायचं आणि पुढचा प्रवास फाइलने करायचा, अशी रीत पडली. थकबाकी आहे की नाही हे पालिकेने स्वतःच्याच नोंदीत पाहायचं. कागदपत्रांची यादी लहान झाली ती कायदा बदलल्यामुळे नव्हे. नियम तोच राहिला, तो पाळण्याचे कष्ट खिडकीच्या बाहेरून आत गेले, एवढंच.

आत जाणं सोपं नव्हतं. ज्या टेबलासमोर रोज वीस माणसं उभी राहायची, त्या टेबलासमोर कोणीच येणार नाही असं ठरवणं हा तांत्रिक निर्णय नाही. टेबलाचं वजन त्याच्यासमोरच्या गर्दीत असतं, हे सरकारी कचेरीत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे खिडकीवर बसणाऱ्याला निर्णयाचा अधिकार नसणं आणि निर्णय घेणाऱ्याला अर्जदाराचा चेहरा न दिसणं, ही रचना त्या प्रकल्पातली खरी कल्पक गोष्ट होती असं मला वाटतं. ती कोणत्याही प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिता येत नाही. आयुक्तांच्या आदेशात लिहावी लागते. पुढे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 आला, सेवेला मुदत मिळाली, पदनिर्देशित अधिकारी, प्रथम आणि द्वितीय अपील अशी उतरंड ठरली. या कायद्याला ज्या नोंदी लागतात, म्हणजे अर्ज कधी आला, कोणाकडे किती दिवस राहिला, त्या ठेवण्याची सवय ज्या पालिकांना आधीपासून होती त्यांना तो कायदा जड गेला नसणार.

नमुना पसरवताना मात्र फार सांभाळावं लागतं. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/360 या प्रणालीच्या अनुभवावरून 1975 मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिलं. पहिल्या प्रणालीत हात आखडून काम करणारा आर्किटेक्ट दुसऱ्या वेळी राहून गेलेलं सगळं कोंबतो, हा त्यातला इशारा आजही प्रत्येक प्रकल्प कार्यालयात लावून ठेवावा असा आहे. महाराष्ट्रात नगरपरिषदांचे लोकसंख्येनुसार अ, ब, क असे वर्ग आहेत. क वर्गाची नगरपरिषद म्हणजे 25 ते 40 हजार वस्तीचं गाव, मोजके लिपिक, एकाच माणसाकडे दोन-तीन विभाग. महानगरपालिकेसाठी जन्मलेली प्रणाली तिथे तशीच नेली, तर जो अर्ज एकच माणूस घेतो, तपासतो आणि मुख्याधिकाऱ्यांसमोर ठेवतो, त्याला तोच अर्ज तीन लॉगिनमधून स्वतःलाच पाठवावा लागेल. अशा ठिकाणी पडदे निम्मे करून एक खिडकी, एक पावती, एक मुदत एवढी शिस्तच उचलावी. मोठ्या शहराचं छोट्या गावाने घ्यावं ते हे.

इथे टेंडरबद्दल बोलणं भाग आहे, कारण बहुतेक प्रकल्पांची चण तिथेच ठरते. आरएफपीमध्ये मॉड्यूलची यादी असते. प्रत्येक मॉड्यूलसमोर दर, दरापुढे माइलस्टोन, माइलस्टोनपुढे साइन-ऑफ आणि त्यावर बिल. सगळ्यांत कमी दराचा, म्हणजे एल-वन, निविदाकार काम घेतो. यात अप्रामाणिक असं काही नाही. लोकांच्या पैशाचा हिशेब असाच चोख राहायला हवा. पण या चौकटीत अर्जातला एक रकाना कमी केल्याबद्दल कोणालाही पैसे मिळत नाहीत. वाढवल्याबद्दल मिळतात. आणखी एक अहवाल, आणखी एक डॅशबोर्ड, आणखी एक ॲप हे मोजता येतं, म्हणून त्याचं बिल होतं. विभागप्रमुखांसोबत पंधरा दिवस बसून एखादी जुनी अट कालबाह्य आहे हे पटवून देणं मोजता येत नाही. म्हणून ते काम एखाद्या तळमळीच्या माणसाच्या खांद्यावर, त्याच्या फावल्या वेळात, पडतं. टेंडरमध्येच ‘अर्ज सुरू करण्यापासून पावती हातात पडेपर्यंत नागरिकाला काय-काय भरावं लागतं’ याला मोजमाप ठेवलं आणि ते कमी करण्याला गुण दिले, तर कल्पकतेला नियमांत बसायची जागा मिळेल. ही सूचना या पुस्तकात वारंवार येते आणि ती वारंवार यावी अशीच आहे.

आता एक अगदी बारीक गोष्ट जवळून दाखवतो, कारण मोठ्या शब्दांपेक्षा तिच्यातून जास्त कळतं. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. युनिकोडमध्ये ते दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवर खालच्या टिंबाचा ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडला जातो आणि मग ‘ह’ येतो. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग ‘ह’. पडद्यावर आणि छापील बिलावर दोन्ही नावं हुबेहूब सारखी. संगणकाच्या लेखी मात्र ही दोन वेगळी माणसं. वकिलांच्या पाटीवरच्या ‘ॲड.’चीही तीच कथा. त्यातला ‘ॲ’ एका संकेतांकानेही लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र ठेवूनही. आता त्याच्याही मागे जा. युनिकोड रुळण्याआधी सरकारी कचेऱ्यांतलं मराठी श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या पॅकेजमधल्या फॉन्टवर चालायचं. त्या फॉन्टसाठी साठवलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. अशा जुन्या याद्या कन्व्हर्टरमधून काढून नव्या डेटाबेसमध्ये ओतल्या जातात तेव्हा रफार सरकतात, वेलांट्या उलटतात, जोडाक्षरं फुटतात.

मग एके दिवशी कोणी वारसनोंदीला जातो. पाणीपट्टीतलं नाव शोधलं तर सापडतं, मालमत्ता कराच्या यादीत तेच नाव टाकलं तर ‘नोंद आढळली नाही’. खिडकीवरची बाई पडद्याकडे बोट दाखवते, ती तरी काय करणार? त्याला सांगितलं जातं की दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. एका न दिसणाऱ्या जोडचिन्हापायी एक माणूस कामाचा दिवस बुडवून नोटरी शोधत फिरतो.

हा अवघडपणा कोणी उचलायला हवा होता? अर्थातच प्रणालीने. नाव साठवण्यापूर्वी दोन्ही तऱ्हा एका रूपात आणणं हे काही ओळींच्या कोडचं काम आहे, आणि शोधताना जवळच्या नोंदी सुचवणं हेही आज अवघड नाही. पण आधीच साठलेल्या दोन नोंदी एक करायच्या म्हटलं की प्रोग्रामरचा हात थांबतो आणि थांबायलाच हवा. दोन कुऱ्हाडे खरोखर दोन भाऊही असू शकतात. नोंदी एकत्र करणं हा मालकीशी भिडणारा निर्णय आहे, त्याला अधिकाऱ्याची सही, कारण, तारीख आणि मागे फिरवण्याची सोय हवी. यादी सुचवणं यंत्राचं काम, मान्यता देणं माणसाचं, आणि ते दोघांच्या मध्ये कुठे थांबायचं ते प्रकल्पाच्या पहिल्या महिन्यातच ठरवायचं. माझ्या पाहण्यात जे प्रकल्प रखडले, त्यांतल्या बहुतेकांत डेटा मायग्रेशन ही शेवटच्या पंधरवड्याची बाब समजली गेली होती. एका ठिकाणी तर जुन्या नोंदींचं पालकत्व कोणत्या विभागाकडे आहे हेच गो-लाइव्हच्या आदल्या आठवड्यापर्यंत ठरलेलं नव्हतं.

कल्याण-डोंबिवलीत या कामाला आणखी एक पदर आहे, तो 27 गावांचा. ही गावं 2002 मध्ये पालिकेतून बाहेर पडली आणि 2015 मध्ये पुन्हा आत आली. 2020 मध्ये त्यांतली 18 गावं वगळण्याचा निर्णय सरकारने घेतला, तो उच्च न्यायालयात टिकला नाही. राजकारण बाजूला ठेवू, नोंदींचा विचार करू. ग्रामपंचायतीकडे घरांची नोंद नमुना 8 मध्ये असते, गावठाणातल्या घराला सर्व्हे नंबर नसतो, एका वाड्यात पाच चुलत भाऊ आणि कर एकाच्याच नावाने. पालिकेच्या प्रणालीला प्रभाग, इमारत, सदनिका, करयोग्य मूल्य असे खाने लागतात. ज्या गावकऱ्याने वर्षानुवर्षं घरपट्टी ओळखीच्या ग्रामसेवकाकडे भरली, त्याला आता मालमत्ता क्रमांक पाठ असायला हवा. हद्दी बदलतील हे गृहीत धरून बांधलेली प्रणाली आणि हद्दी कायमच्या आहेत असं समजून बांधलेली प्रणाली यांतला फरक पहिल्या दिवशी दिसत नाही. कराचंही तसंच. जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, 1 ऑगस्ट 2015 पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. प्रत्येक वेळी राज्यातल्या पालिकांमध्ये एक-एक मॉड्यूल रिकामं झालं आणि त्यातल्या जुन्या थकबाक्या मात्र जिवंत राहिल्या. ज्यांनी नियम कोडच्या पोटात पुरून न ठेवता वेगळ्या तक्त्यात ठेवले होते, त्यांचं काम सोपं झालं.

रेल्वेचं उदाहरण घेतल्याशिवाय या भागातल्या वाचकाला बरं वाटणार नाही. लोकलचं तिकीट मोबाइलवर काढायचं यूटीएस ॲप 2014च्या अखेरीस मुंबईत आलं तेव्हा पैसे मोबाइलवर भरायचे, पण तिकीट स्थानकातल्या एटीव्हीएम या तिकीट-यंत्रावर जाऊन छापून घ्यायचं, अशी पद्धत होती. रांग एका यंत्रासमोरून दुसऱ्या यंत्रासमोर गेली. 2015 मध्ये कागदाविना तिकीट सुरू झालं आणि त्याबरोबर एक अट आली : रुळांपासून ठरावीक अंतराच्या आत तिकीट निघणार नाही. अट रास्तच आहे. नाहीतर टीसी दिसल्यावर खिशातून मोबाइल काढून तिकीट घेता आलं असतं. कारभाराची गरज आणि प्रवाशाची सोय यांचा असा थेट सामना क्वचित पाहायला मिळतो. क्रिस या रेल्वेच्या संस्थेने जीपीएसचं कुंपण घालून तो सोडवला, ही कल्पकता मानायलाच हवी. पण कुंपणाचं ओझं गेलं प्रवाशावर. डोंबिवलीत रुळांच्या अगदी कडेने रस्ते आहेत, दुकानं आहेत, घरं आहेत. जीपीएस थोडं इकडेतिकडे सरकलं की प्रामाणिक माणसालाही ‘तुम्ही स्थानकाच्या हद्दीत आहात’ असं उत्तर. पुढे स्थानकात क्यूआर कोड लावून आतल्या माणसाला वाट दिली गेली, आणि 2024 मध्ये लांबून तिकीट काढण्यावरची मर्यादाही उठली, म्हणजे घरून निघण्यापूर्वीच तिकीट घेता येऊ लागलं. अट एकदा घालून न थांबता ती वापरात कशी चालते ते पाहून बदलत राहणं, हे मला या ॲपमधलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं.

आता ज्या प्रकरणाने मला या पुस्तकाची प्रस्तावना लिहावीशी वाटली, त्याकडे येतो. कल्याण-डोंबिवलीतल्या 65 बेकायदा इमारतींचं प्रकरण वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलं आहे. बांधकामाला पालिकेने परवानगी दिल्याचं दाखवणारी बनावट कागदपत्रं तयार झाली, ती महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर चढवली गेली, प्रकल्पांना नोंदणी क्रमांक मिळाले. एका वास्तुविशारदाने माहिती अधिकाराचा पाठपुरावा केला आणि जनहित याचिका दाखल केली. चौकशीसाठी विशेष पथक नेमलं गेलं. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. आत राहणारी बहुतेक माणसं मध्यमवर्गीय, आयुष्यभराची पुंजी आणि गृहकर्ज घालून घर घेतलेली.

फसवणूक करणाऱ्यांचा गुन्हा हा गुन्हाच, त्याचा निवाडा न्यायालय करेल. प्रणाली बांधणाऱ्यांनी मात्र वेगळ्या कारणासाठी हे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचावं. रेरा कायदा 2016चा, महारेराचं काम मे 2017 पासून ऑनलाइन सुरू झालं. बिल्डरने अर्ज भरायचा, कागद स्कॅन करून जोडायचे, नोंदणी मिळायची. अर्जदारासाठी अत्यंत सुटसुटीत. प्रत्येक खात्यात आपापल्या नियमाप्रमाणे काम झालं. महारेराला प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत हवी होती, ती मिळाली. बँकेला रेरा क्रमांक हवा होता, तो होता. दुय्यम निबंधकाला दस्त हवा होता. ग्राहकाने सुज्ञ ग्राहकाने करायचं तेच केलं, संकेतस्थळावर जाऊन क्रमांक तपासला आणि तो खरा निघाला. परवानगी खरोखर दिली होती का, हे ज्या एकाच कचेरीला ठाऊक होतं त्या पालिकेला विचारण्याची पायरी या सगळ्या साखळीत नव्हती.

स्कॅन केलेला कागद म्हणजे कागदाचं छायाचित्र. खोट्या शिक्क्याचा फोटोही फोटोच. अपलोड झालं म्हणजे पडताळणी झाली, हा समज आपल्याकडच्या कितीतरी पोर्टलच्या मुळाशी आहे. पडताळणीचा अवघडपणा तिथे नाहीसा झालेला नव्हता, तो साखळीतल्या सगळ्यांत दुबळ्या माणसाकडे, म्हणजे घर घेणाऱ्याकडे, नकळत सरकवला गेला होता. आणि त्याच्याकडे तो उचलायला कोणतंही साधन नव्हतं. उपाय तांत्रिकदृष्ट्या किती साधा होता हे पाहिलं की जीव हळहळतो. पालिकेने दिलेल्या परवानग्यांची यादी क्रमांकासह उघडपणे प्रसिद्ध करायची आणि महारेराच्या प्रणालीने तो क्रमांक तिथे जुळवून पाहायचा, बस. या प्रकरणानंतर नियोजन प्राधिकरणांची संकेतस्थळं महारेराशी जोडण्याचं काम हाती घेतलं गेलं. ते आधी का झालं नाही? प्रोग्रामर मिळाला नाही म्हणून नव्हे. दोन स्वतंत्र संस्थांमधल्या त्या एका धाग्याचं पालकत्व कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं, हे माझं अनुमान आहे. प्रत्येक प्रकल्पात अशी एखादी जागा असते, जिथे आपली प्रणाली संपते आणि दुसऱ्याची सुरू व्हायची असते. या पुस्तकातलं जोडण्यांबद्दलचं प्रकरण म्हणूनच सर्वांत लांब आहे, आणि ते लांब असणं मला योग्य वाटतं.

ठाण्याचा अनुभव वेगळ्या जातीचा. ठाणे महानगरपालिकेने 2018 मध्ये ‘डिजीठाणे’ हे व्यासपीठ आणलं, तेल अवीव शहराच्या ‘डिजीटेल’च्या धर्तीवर. पालिकेने नागरिकाशी फक्त बिल पाठवण्यापुरतं नातं ठेवू नये, त्याच्या आवडीनिवडीप्रमाणे शहरातल्या घडामोडी, सवलती, सोयी त्याच्यापर्यंत न्याव्यात, ही त्यामागची कल्पना. विचार ताजा होता आणि कर भरण्याच्या चौकटीबाहेरचा होता. पण पालिकेने नागरिकाच्या आवडीनिवडी साठवायच्या तर त्या किती दिवस, कोणाच्या ताब्यात आणि ठेकेदार बदलला तर त्यांचं काय, हे प्रश्न लगेच उभे राहतात. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑगस्ट 2017चा, व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा 2023चा. मधल्या वर्षांत ज्यांनी अशी ॲप बांधली, त्यांना नियमाविना स्वतःचा संयम वापरावा लागला. नवी कल्पना राबवताना कायद्याची वाट पाहत बसू नये हे खरं, पण आपण काय साठवतो याची एक पानाची जाहीर नोंद कायदा नसतानाही ठेवता येते.

सप्टेंबर 2016 मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरं स्मार्ट सिटी अभियानात निवडली गेली आणि त्यासाठी स्वतंत्र कंपन्या आल्या. वेग वाढावा म्हणून ती रचना होती. पुढे नोव्हेंबर 2020 मध्ये कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकीय राजवट आली, ती लांबली. स्थायी समितीत सॉफ्टवेअरच्या खर्चावर प्रश्न विचारणारे नगरसेवक कधी अज्ञानातून विचारायचे, कधी हेतूने, पण ‘माझ्या वॉर्डातल्या म्हातारीला हे जमणार आहे का?’ हा प्रश्नही तेच विचारायचे. तो प्रश्न विचारणारी खुर्ची बरीच वर्षं रिकामी राहिली. कुठल्याही सल्लागाराच्या अहवालाने ती भरून निघत नाही.

पुस्तकाच्या वापराबद्दल थोडं. प्रकरणांचा क्रम प्रकल्पाच्या क्रमाने आहे : आधी टेंडर, मग आराखडा, जोडण्या, चाचण्या, गो-लाइव्ह आणि सर्वांत शेवटी जुन्या नोंदींचं स्थलांतर. खासगी कंपन्यांत काम करणाऱ्यांना टेंडरचं प्रकरण आपल्या कामाचं नाही असं वाटेल. त्यांनी तिथे ‘निविदा’ या जागी ‘बजेट मंजुरी’ आणि ‘लेखापरीक्षण’ या जागी ‘चेंज बोर्ड’ घालून वाचावं, फारसं काही बदलत नाही. पालिकेतल्या लिपिकांनी आणि संगणक विभागातल्या माणसांनी तांत्रिक शब्दांनी बिचकू नये. या पानांतली निम्मी उदाहरणं त्यांच्याच टेबलावरची आहेत. ज्यांचा प्रकल्प येत्या दोन-तीन महिन्यांत सुरू व्हायचा आहे आणि ज्यांना सगळं वाचायला सवड नाही, त्यांनी शेवटचं प्रकरण सर्वांत आधी वाचावं, आणि ते वाचताना आपल्या कचेरीतल्या कोणत्याही शंभर जुन्या नोंदी समोर काढून ठेवाव्यात.